चार्ज कंट्रोलर ते बॅटरी: वायर किती जाडीची घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शेतघराच्या गच्चीवर प्रत्येकी २५० वॅटची दोन पॅनेल आहेत, ४० अँपिअरचा एमपीपीटी (पॅनेलचे जादा व्होल्ट बॅटरीसाठी अँपिअरमध्ये बदलणारा) चार्ज कंट्रोलर आहे आणि १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या समांतर जोडलेल्या आहेत. कंट्रोलर वरच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी भिंतीवर आहे आणि बॅटऱ्या जिन्याखाली आहेत. दोहोंमध्ये वायरच्या मार्गाने चार मीटर अंतर असून त्यात ४ चौरस मिलिमीटरची ‘सोलर डीसी’ वायर ओढली आहे आणि कंट्रोलरजवळ ३२ अँपिअरचा घरगुती एमसीबी बसवला आहे. भर दुपारी कंट्रोलरच्या पडद्यावर १४.४ व्होल्ट आणि २८ अँपिअर दिसतात, पण त्याच वेळी बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरला तर १३.० व्होल्टच मिळतात; हायड्रोमीटरचा (बॅटरीतील आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीचा) आकडा १२०० च्या वर सरकत नाही आणि वायर हाताला कोमट लागते. दुकानदाराचे म्हणणे असे की ही वायर ५५ अँपिअर सहज घेते, मग ४० ला काय धाड भरली आहे? तेव्हा वायर बदलावी की बॅटऱ्याच गेल्या आहेत असे समजावे, आणि बदलायची तर किती जाडीची घ्यावी, हे विचारले आहे.

दुकानदाराचा आकडा खोटा नाही. ४ चौरस मिलिमीटरच्या सोलर केबलला मोकळ्या हवेत, एकेकट्या वायरसाठी, ५५ अँपिअरची क्षमता मानकात दिलेलीच आहे. परंतु त्या आकड्यामागे भोवतालचे तापमान ६० अंश आणि तांब्याचे तापमान थेट १२० अंशांपर्यंत जाऊ द्यायचे, असे गृहीत आहे. म्हणजे एवढा प्रवाह गेला तरी वायरचे आवरण वितळणार नाही, इतकेच तो आकडा सांगतो. चार मीटर पलीकडे पोहोचेपर्यंत किती व्होल्ट वाटेत खर्ची पडतील याबद्दल तो काहीही सांगत नाही. घरातील २३० व्होल्टच्या वायरिंगमध्ये एखादा व्होल्ट वाटेत गेला तर कोणाला पत्ताही लागत नाही, म्हणून वायर अँपिअर पाहून घेण्याची सवय आपल्या वायरमन मंडळींना लागलेली आहे आणि तेथे ती योग्यही आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीसमोर मात्र हीच सवय अंगाशी येते.

आता हिशेब करून पाहू. ४ चौरस मिलिमीटरच्या लवचिक तांब्याच्या वायरचा रोध २० अंश तापमानाला दर किलोमीटरला जास्तीत जास्त ४.९५ ओहम, म्हणजे दर मीटरला ४.९५ मिलिओहम असतो. अंतर चार मीटर असले तरी प्रवाह जाऊन परत येतो, त्यामुळे वायर आठ मीटर धरावी लागते; हा दोनाचा गुणक विसरण्याइतकी सर्रास होणारी चूक दुसरी नाही. आठ मीटरचा रोध ३९.६ मिलिओहम झाला आणि त्यातून २८ अँपिअर गेले की १.११ व्होल्ट वाटेत पडतात. तांबे तापले की त्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. वायर आतून ५० ते ५५ अंशांवर असेल असे धरले तर हाच आकडा १.२५ व्होल्टच्या आसपास जातो. आपण मोजलेला फरक १.४ व्होल्ट आहे. उरलेले ०.१५ व्होल्ट त्या एमसीबीत आणि चार लगांच्या (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडकड्यांच्या) जोडांत जात आहेत. थोडक्यात, बॅटऱ्यांवर संशय घेण्याआधीच सगळा हिशेब जुळतो आहे. कंट्रोलरमधून निघणाऱ्या सुमारे ४०० वॅटपैकी ३९ वॅट, म्हणजे जवळपास दहा टक्के, वायर आणि जोड गरम करण्यात जात आहेत.

तरीही वाया जाणारे वॅट हे मोठे दुखणे नव्हे. खरे नुकसान चार्जिंगच्या टप्प्यांमध्ये होते. कंट्रोलर बॅटरीचे व्होल्टेज स्वतःच्या टर्मिनलवर मोजतो. त्या टर्मिनलपलीकडे चार मीटरवर काय आहे ते त्याला दिसत नाही. पहिल्या टप्प्यात, ज्याला बल्क म्हणतात, तो मिळेल तेवढा प्रवाह बॅटरीत लोटतो. टर्मिनलवर १४.४ व्होल्ट झाले की तो दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे अॅब्सॉर्प्शनमध्ये, जातो आणि १४.४ ओलांडू नयेत म्हणून प्रवाह आवरू लागतो. आपल्याकडे बॅटरी प्रत्यक्षात १३.० व्होल्टवर असतानाच त्याला १४.४ झाल्याचे भासते. पॅनेल अजून २८ अँपिअर द्यायला तयार असतात, बॅटरी घ्यायला तयार असते, आणि मधला कंट्रोलर हात आखडता घेतो.

यावर असे म्हणता येईल की प्रवाह कमी झाला की वाटेत पडणारे व्होल्टही कमी होतात, आणि सरतेशेवटी बॅटरीला १४.४ मिळतातच. तत्त्वतः ते बरोबर आहे. पाच अँपिअरवर या वायरमध्ये फक्त ०.२ व्होल्ट पडतील. अडचण वेळेची आहे. सूर्य सरकत असतो, दुपारचे ते चांगले चार-पाच तास आखडलेल्या प्रवाहात निघून जातात, आणि बऱ्याच कंट्रोलरमध्ये अॅब्सॉर्प्शनला दोन-तीन तासांची मुदत घातलेली असते, ती संपली की तो बॅटरी भरली असे समजून १३.६ च्या आसपासच्या फ्लोट व्होल्टेजवर उतरतो. ट्युब्युलर बॅटरीच्या आम्लाची घनता पूर्ण चार्जला २७ अंशांवर साधारण १२४० असायला हवी. ती महिनोन्महिने १२०० वर राहिली की प्लेटवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात आणि क्षमता कायमची घटते. पडदा मात्र रोज संध्याकाळी ‘फुल’ दाखवत राहतो. पुष्कळ ‘खराब’ बॅटऱ्या अशाच भंगारात गेलेल्या आहेत.

मग वाटेत किती व्होल्ट पडू द्यावेत? अनेक मार्गदर्शकांत सरसकट तीन टक्के लिहिलेले असते. पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंतच्या वायरला ते ठीक आहे, पण या बाजूला मला ते मान्य नाही. १४.४ व्होल्टचे तीन टक्के म्हणजे ०.४३ व्होल्ट होतात, आणि अॅब्सॉर्प्शन व फ्लोट यांच्यातले अंतरच मुळी ०.८ व्होल्ट आहे. म्हणजे त्या अंतराच्या निम्म्याहून अधिक भाग वायर गिळून बसते. म्हणून बारा व्होल्टच्या संचात कंट्रोलर ते बॅटरी या टप्प्यात पूर्ण प्रवाहाला ०.२ व्होल्टपेक्षा जास्त पडू देऊ नयेत, आणि ०.३ ही शेवटची हद्द समजावी. चोवीस व्होल्टच्या संचात हे आकडे दुप्पट धरता येतात.

ही मर्यादा घेतली की गणित फार सोपे होते. लवचिक तांब्याच्या वायरसाठी एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाड तुकड्याचा रोध ०.०२ ओहम धरला आणि जाण्यायेण्याचे अंतर म्हणून दोनाने गुणले, तर ०.२ व्होल्टच्या मर्यादेसाठी सूत्र असे उरते: मीटरमधील एकेरी अंतर गुणिले अँपिअर भागिले पाच, बरोबर चौरस मिलिमीटर. चोवीस व्होल्टच्या संचाला पाचऐवजी दहाने भागावे. अँपिअर घेताना आज पडद्यावर दिसतात ते २८ घेऊ नयेत, कंट्रोलरचे पूर्ण ४० घ्यावेत. पावसाळ्यात ढगांच्या फटीतून ऊन पडते तेव्हा, किंवा हिवाळ्यात पॅनेल थंड असताना, प्रवाह वर जातो. शिवाय पुढे-मागे आणखी एक पॅनेल जोडण्याचा मोह कोणालाच सुटत नाही.

आपल्या बाबतीत चार गुणिले चाळीस म्हणजे एकशे साठ, भागिले पाच, म्हणजे ३२ चौरस मिलिमीटर. बाजारात त्यावरची जाडी ३५ ची मिळते. तिचा रोध दर मीटरला ०.५५४ मिलिओहम, आठ मीटरला ४.४३, आणि ४० अँपिअरला ०.१८ व्होल्ट पडतील. हिशेब चोख आहे, पण ३५ ची वायर आपल्या कंट्रोलरच्या टर्मिनलमध्ये शिरणारच नाही. या क्षमतेच्या बहुतेक कंट्रोलरांची टर्मिनले १६ चौरस मिलिमीटरपर्यंतची वायर घेतात. उदाहरणार्थ व्हिक्ट्रॉनच्या १००/३० आणि १००/५० या दोन्ही कंट्रोलरांना हीच मर्यादा आहे. काही जण अशा वेळी जाड वायरच्या कडेच्या तारा कापून टोक बारीक करतात. ते कदापि करू नये. नेमक्या ज्या ठिकाणी उष्णता सर्वांत जास्त असते तिथेच तांबे कमी होते. १६ चीच वायर चार मीटर टाकली तर दर मीटरला १.२१ मिलिओहमप्रमाणे ४० अँपिअरला ०.३९ व्होल्ट पडतात, जे आपल्या हद्दीबाहेर आहे. २५ ची टाकली तर ०.२५ पडतात, पण टर्मिनलचा प्रश्न उरतोच.

म्हणून माझा सल्ला वायरपासून सुरू न होता जागेपासून सुरू होतो. कंट्रोलर खाली बॅटऱ्यांजवळ आणावा. अंतर एक मीटर झाले की सूत्राप्रमाणे ८ चौरस मिलिमीटर पुरतात. १६ ची वायर टाकली तर ४० अँपिअरला अवघे ०.१ व्होल्ट पडतात, ती टर्मिनलमध्ये नीट बसते आणि तांबेही आठ मीटरऐवजी दोनच मीटर लागते. कंट्रोलर खाली गेल्यामुळे जी तीन मीटर वायर वाढते ती पॅनेलच्या बाजूला वाढते, आणि तिथे वाढलेली परवडते. आपली साठ सेलची दोन २५० वॅटची पॅनेल एकसर जोडली तर जवळपास ६० व्होल्टवर ८.३ अँपिअर एवढाच प्रवाह येतो. एकूण पंधरा मीटर अंतर धरले तरी हल्लीच्याच ४ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये १.२३ व्होल्ट, म्हणजे दोन टक्के पडतील. मुख्य म्हणजे तिथे पडलेले व्होल्ट चार्जिंगच्या टप्प्यांना धक्का लावत नाहीत. कंट्रोलर त्याच्या पलीकडच्या बाजूला मोजतो आहे. लांब पल्ला जास्त व्होल्टेजच्या बाजूला आणि आखूड पल्ला जास्त अँपिअरच्या बाजूला ठेवायचा, एमपीपीटीचा हाच तर फायदा आहे, आणि कंट्रोलर गच्चीजवळ ठेवून आपण तो घालवून बसलो आहोत. पॅनेल एकसर जोडताना कंट्रोलरची कमाल व्होल्टेज मर्यादा मात्र तपासावी: साठ सेलच्या दोन पॅनेलांचे उघडे, म्हणजे काहीही न जोडता मिळणारे, व्होल्टेज ७५ च्या आसपास असते आणि थंडीच्या पहाटे ते ८० पर्यंत चढते, तेव्हा १०० व्होल्टच्या कंट्रोलरला ते चालते, ७५ व्होल्टच्या नाही. बहात्तर सेलची पॅनेल असतील तर १०० व्होल्टचा कंट्रोलरही नाशिक-निफाडच्या थंडीत अगदी काठावर येतो.

कंट्रोलर जवळ आणायचा म्हणजे बॅटरीच्या डोक्यावर टांगायचा नव्हे. पाणी घालायच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन आणि आम्लाचे तुषार सोडतात. हायड्रोजन वर जातो, आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की ठिणगी पुरते. आम्लाच्या वाफेने कंट्रोलरची पट्टी आणि स्क्रू हिरवे पडतात. बाजूच्या भिंतीवर, बॅटरीच्या आडव्या रेषेत दोन-तीन फूट लांब, हवा खेळेल अशी जागा पाहावी. जिन्याखालचा कोनाडा दार लावून बंद केलेला असेल तर दाराला वरखाली जाळी करून घ्यावी.

दुसरी वाट म्हणजे दोन्ही बॅटऱ्या एकसर जोडून संच २४ व्होल्टचा करणे. त्याच ५०० वॅटला प्रवाह निम्मा, म्हणजे २० अँपिअर होतो, आणि टक्केवारीने पाहिले तर नुकसान चौथ्या हिश्श्यावर येते. आपली आजचीच ४ ची वायर चार मीटरवर ०.८ व्होल्ट पाडेल, पण ते २८.८ पैकी पावणेतीन टक्के असतील, आणि १० ची टाकली तर सगळे हद्दीत बसते. मात्र इन्व्हर्टरही २४ व्होल्टचा लागेल. घरात १२ व्होल्टचा इन्व्हर्टर असेल तर यासाठी तो बदलणे शहाणपणाचे नाही. नवीन संच बांधत असाल आणि ५०० वॅटच्या पुढे जाणार असाल तर १२ व्होल्टच्या वाटेला जाऊच नये.

व्होल्टची परीक्षा झाली की दुसरी परीक्षा तापण्याची, आणि दोन्हींपैकी जी जाड वायर मागेल तिचे ऐकावे. अंतर अर्धा मीटर असेल तर सूत्र ४ चौरस मिलिमीटरही पुरे म्हणेल, पण ती या प्रवाहाला घेऊ नये. साध्या पीव्हीसी वायरचे आवरण ७० अंशांपर्यंतचेच असते आणि तिची क्षमता सहसा ३० किंवा ४० अंश हवेसाठी दिलेली असते. ३० अंशांसाठी दिलेला आकडा ४० अंशांना ०.८७ ने आणि ५० अंशांना ०.७१ ने कमी करावा लागतो. विदर्भात मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ४५ अंश ही काही अपवादाची गोष्ट नाही, आणि वायर पाइपातून किंवा केसिंग पट्टीतून गेली असेल तर उष्णता बाहेर पडायला जागा राहत नाही. ४० अँपिअर तासन्‌तास वाहणार असतील तर पीव्हीसीमध्ये १० ही किमान आणि १६ ही निर्धास्त जाडी आहे. सोलर केबल वापरली तर आवरण टिकेल, पण तापलेली वायर ज्या टर्मिनलला जोडली आहे ते टर्मिनल १२० अंशांसाठी बनवलेले नसते.

तापण्याच्या परीक्षेतच फ्यूज येतो. या वायरच्या दोन टोकांपैकी धोक्याचे टोक बॅटरीचे आहे. कंट्रोलर ४० अँपिअरच्या पुढे देऊ शकत नाही. बॅटरीच्या टर्मिनलवर पाना पडला किंवा उंदराने वायर कुरतडली, तर १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी क्षणात हजाराच्या पुढे अँपिअर ओकते, आणि आपल्याकडे तशा दोन आहेत. म्हणून फ्यूज बॅटरीच्या धन टर्मिनलला जितका चिकटून बसवता येईल तितका बसवावा. आपला एमसीबी कंट्रोलरजवळ आहे, म्हणजे मधल्या चार मीटर वायरला कसलेही संरक्षण नाही. फ्यूजचे माप कंट्रोलरच्या प्रवाहाच्या सव्वापट, म्हणजे ५० अँपिअर घ्यावे आणि वायरची क्षमता फ्यूजपेक्षा कमी नसावी. १६ ची शिफारस करण्यामागे हेही कारण आहे. काचेचा फ्यूज इथे चालत नाही, नटबोल्टने आवळायचा एएनएल जातीचा फ्यूज घ्यावा.

घरगुती एमसीबीबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण तो जवळजवळ प्रत्येक घरच्या सोलर संचात सापडतो. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जातो, त्यामुळे संपर्क उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. डीसी प्रवाह शून्यावर येतच नाही; ठिणगी ताणली जाऊन विझवावी लागते आणि त्यासाठी वेगळ्या बनावटीचा डीसी एमसीबी लागतो. त्यातही काही डीसी एमसीबींवर धन-ऋण खुणा असतात आणि ते एकाच दिशेचा प्रवाह तोडू शकतात. इथे गंमत अशी की चार्जिंगचा प्रवाह कंट्रोलरकडून बॅटरीकडे जातो, पण शॉर्ट झाल्यावरचा प्रवाह बॅटरीकडून येतो. खुणांचा एमसीबी चार्जिंगची दिशा पाहून जोडला तर नेमक्या आणीबाणीच्या वेळी तो उलटा ठरतो; धन खूण बॅटरीकडे हवी. शक्यतो खुणा नसलेला, दोन्ही दिशांना तोडणारा घ्यावा, त्याला स्विच समजावे आणि शॉर्टसाठी फ्यूज वेगळा ठेवावा.

वायर विकत घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे ती अस्सल तांब्याची असावी. वरून तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम असलेली वायर गाडीच्या साउंड सिस्टीमच्या दुकानांत आणि ऑनलाइनही सर्रास मिळते. तिचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या जवळपास दीडपट असतो. एक तार ब्लेडने खरवडली की आतून पांढरी चमक दिसते. वजनानेही कळते: १६ चौरस मिलिमीटरच्या एक मीटर वायरमध्ये नुसते तांबेच १४० ग्रॅमच्या वर भरले पाहिजे. दुसरी गोष्ट मापाची. बोलताना आपण ‘सोळा एमएमची वायर’ म्हणतो आणि दुकानदाराला ते चौरस मिलिमीटर आहेत हे कळते, पण गाड्यांच्या वायरी काही ठिकाणी बाहेरच्या व्यासाने विकल्या जातात, आणि अमेरिकी माहितीपुस्तिकांत ‘गेज’ लिहिलेले असते, ज्यात आकडा लहान होईल तशी वायर जाड होते. ६ गेज म्हणजे १३.३ आणि ४ गेज म्हणजे २१.२ चौरस मिलिमीटर. पुस्तिकेत ६ गेज म्हटले म्हणून ६ चौरस मिलिमीटर घेऊ नये.

जाड वायरसाठी मी बहुतेक वेळा वेल्डिंग केबल सुचवतो. तालुक्याच्या ठिकाणी १६, २५, ३५, ५० अशी सगळी मापे मिळतात, तारा बारीक असल्याने ती अडचणीच्या जागेतही सहज वळते आणि तिचे रबरी आवरण दणकट असते. तांब्याचीच मागून घ्यावी, कारण अॅल्युमिनियमची वेल्डिंग केबलही मिळते; वेल्डिंग केबलवर छापलेले अँपिअर थांबत-थांबत होणाऱ्या वेल्डिंगसाठी असतात, ते विचारात घेऊ नयेत. जुन्या ४ च्या वायरीच्या आणखी तीन जोड्या समांतर ओढून १६ करण्याची युक्ती पुष्कळांना सुचते. कागदावर ते बरोबर दिसते, पण एक जोड सैल झाला की त्याचा भार मुकाट्याने बाकीच्यांवर पडतो आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. तेव्हा ते टाळावे.

लगांच्या बाबतीत हयगय झाली तर जाड वायरीचे पैसे पाण्यात जातात. एखाद्या जोडाचा रोध पाच मिलिओहम असला तर ४० अँपिअरला तिथे ०.२ व्होल्ट, म्हणजे आपली सगळी मर्यादा, एका जागी संपते आणि आठ वॅट उष्णता नखाएवढ्या जागेत तयार होते. लग कल्हई केलेला तांब्याचा, वायरच्याच मापाचा असावा आणि तो षट्कोनी क्रिम्पिंग टूलने दाबलेला असावा. पक्कडीने चेपलेला किंवा हातोडीने ठोकलेला लग पहिल्या उन्हाळ्यात सैल होतो. माप मोठे झाले म्हणून तारा दुमडून भरणे हाही आपल्याकडचा आवडता प्रकार आहे. कंट्रोलरच्या स्क्रूखाली बारीक तारांची वायर जाणार असेल तर टोकाला तांब्याची टोपी दाबून घ्यावी, नाहीतर स्क्रू तारांमध्ये घुसतो आणि निम्म्या तारा बाजूला राहतात. बॅटरीच्या टर्मिनलवर लग थेट शिशावर बसावा; वॉशर लगच्या वर यावा, लग आणि टर्मिनल यांच्यामध्ये कधीही नाही. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावावी. कोकणात आणि गोव्यात किनाऱ्याजवळ उघडे तांबे खाऱ्या हवेने लवकर काळे पडते, तिथे कल्हई केलेल्या तारांची वायर घ्यावी आणि लगाच्या गळ्यावर गोंदयुक्त हीटश्रिंक नळी चढवावी.

दोन बॅटऱ्या समांतर असल्याने धन वायर पहिल्या बॅटरीला आणि ऋण वायर दुसऱ्या बॅटरीला जोडावी. दोन्ही वायरी एकाच बॅटरीला जोडल्या तर दुसरीला मधल्या पट्ट्यांचा रोध ओलांडावा लागतो आणि ती कायम थोडी उपाशी राहते. मधल्या पट्ट्याही १६ च्याच, किंवा इन्व्हर्टरच्या वायरीएवढ्या जाड असाव्यात. इन्व्हर्टर कंट्रोलरच्या ‘लोड’ टर्मिनलवर नसून थेट बॅटरीवर असेल असे मी धरून चालतो. नसेल तर तो आधी काढावा, कारण ७०० वॅटच्या भाराला १२ व्होल्टचा इन्व्हर्टर सत्तरच्या पुढे अँपिअर ओढतो.

ज्यांच्याकडे एमपीपीटीऐवजी पीडब्ल्यूएम (पॅनेल थेट बॅटरीला जोडून-तोडून प्रवाह आवरणारा साधा) कंट्रोलर आहे त्यांच्यासाठी हिशेब थोडा बदलतो. तिथे बॅटरीकडे जाणारा प्रवाह पॅनेलच्या प्रवाहाएवढाच असतो, वॅट भागिले व्होल्ट असा वाढत नाही. बल्क टप्प्यात वाटेत पडलेले व्होल्ट अँपिअर फारसे कमी करत नाहीत, कारण पॅनेलकडे तेवढे व्होल्टेज शिल्लक असते. पण १४.४ लवकर झाल्याचा भास तिथेही तसाच होतो, म्हणून ०.२ व्होल्टची मर्यादा त्यांनाही लागू आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असेल तर सल्फेटची भीती नसते. मात्र ती जवळजवळ शेवटपर्यंत पूर्ण प्रवाह घेते, त्यामुळे वायरला विश्रांती मिळत नाही, आणि तिचा शॉर्टचा प्रवाह आणखी मोठा असल्याने फ्यूजची तोडक्षमता जास्त लागते. काही महागड्या कंट्रोलरांत बॅटरीच्या टर्मिनलवरून थेट व्होल्टेज आणणारी बारीक सेन्स वायर किंवा ब्लूटूथ सेन्सर जोडता येतो. तो असेल तर कंट्रोलरचा भास जातो. वाया जाणारे वॅट आणि तापणारे जोड जसेच्या तसे राहतात.

काम करताना आधी पॅनेलची जोडणी तोडावी, मग बॅटरीची. पॅनेल चालू असताना बॅटरी सोडवली तर काही कंट्रोलर जागीच जातात. परत जोडताना बॅटरी आधी, पॅनेल शेवटी.

सगळे झाल्यावर उन्हाच्या वेळी, कंट्रोलर बल्कमध्ये असताना आणि प्रवाह २५ अँपिअरच्या वर असताना मोजणी करावी. आधी कंट्रोलरच्या टर्मिनलवरच मल्टिमीटर लावून त्याचा पडदा खरे बोलतो का ते पाहावे. मग मल्टिमीटर दोन व्होल्टच्या रेंजवर ठेवून एक टोक कंट्रोलरच्या धन टर्मिनलवर आणि दुसरे बॅटरीच्या धन टर्मिनलवर, लगवर नव्हे तर शिशावर, धरावे. तसेच ऋण बाजूला करावे. २८ अँपिअरला नव्या वायरीत दोन्ही बाजू मिळून ०.०७ व्होल्ट आणि फ्यूज, एमसीबी व जोड धरून साधारण ०.१५ व्होल्ट दिसले पाहिजेत. पाव व्होल्टच्या वर आकडा आला तर वायर पुन्हा बदलू नये. एकेका जोडाच्या दोन्ही बाजूंना टोके धरून कुठला जोड व्होल्ट खातो आहे ते शोधावे, दहा मिनिटांत तो सापडतो.

आणि बॅटऱ्यांविषयी. इतके दिवस अर्धपोटी राहिल्याने पहिल्याच आठवड्यात घनता १२४० वर जाईल अशी अपेक्षा ठेवू नये. पाण्याची पातळी पाहून, कंट्रोलरमध्ये इक्वलायझेशनची (सर्व सेल सारखे भरण्यासाठी मुद्दाम जास्त व्होल्टवर चार्जिंग देण्याची) सोय असेल तर बॅटरी कंपनीने दिलेल्या व्होल्टेजवर ते द्यावे, किंवा वीज असलेल्या रात्री इन्व्हर्टरच्या चार्जरने सलग दहा-बारा तास चार्जिंग द्यावे, आणि दर आठवड्याला प्रत्येक सेलची घनता लिहून ठेवावी. बाराही सेल सावकाश एकत्र वर येत असतील तर बॅटऱ्या शाबूत आहेत. एखादाच सेल ११५० च्या आसपास अडकून राहिला तर ती बॅटरी वेगळी काढावी, कारण समांतर जोडलेली आजारी बॅटरी निरोगी बॅटरीलाही रात्रभर रिकामी करत राहते. नीट चार्जिंग सुरू झाले की डिस्टिल्ड वॉटर पूर्वीपेक्षा जास्त लागू लागेल. तो बिघाड समजून व्होल्टेजचे सेटिंग कमी करू नये.